कर्ज पडद्यावर कसे दिसते?

दिवाळी होऊन गेली की मराठवाड्यातल्या पालम तालुक्यातल्या शाळांचे काही बाक रिकामे होतात. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि टोळ्यांबरोबर लेकरेही जातात. अशाच एका हिवाळ्यात इथल्या एका शाळेत, मागे राहिलेल्या सातवी-आठवीच्या मुलांना मी 'श्यामची आई' वाचून दाखवत होतो. रोज एक रात्र. या पुस्तकातल्या प्रकरणांना साने गुरुजींनी 'रात्र' असेच नाव दिले आहे. पुस्तक संपले त्या आठवड्यात वर्गाच्या भिंतीवर पांढरी चादर ताणली, खिडक्यांना सतरंज्या लावल्या आणि आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा चित्रपट मुलांना दाखवला.

चित्रपट संपला आणि हात वर झाले. बहुतेकांची तक्रार एकच होती, आणि ती वाचणाऱ्या प्रत्येकाची असते. माझी आवडती रात्र का गाळली? पुस्तकात होते तसे सिनेमात का नाही? पण आजीजवळ राहणाऱ्या एका मुलीने वेगळेच विचारले. "सर, पुस्तकात कर्ज लई ठिकाणी येतं. पण कर्ज डोळ्याला दिसत नाही. मग सिनेमावाल्यानं ते दाखवायचं कसं?"

त्या दिवशी मला तिला नीट उत्तर देता आले नाही. ते आता टप्प्याटप्प्याने देतो.

१. हुरडा आणि भाकरी

आधी मुलांची तक्रार. हुरडा ज्वारीचा आणि भाकरीही ज्वारीचीच. आमच्या भागात 'परभणी मोती' नावाचे रब्बी ज्वारीचे वाण आहे. त्याची कोवळी कणसे भाजली तर हुरडा होतो, दाणे वाळवून दळले तर भाकरी. भाकरी खाताना कुणी म्हणत नाही की हिला हुरड्याची चव का नाही. दाणा एकच असला तरी मधे जाते आणि तवा येतात, आणि पदार्थ बदलतो. कादंबरीवरून चित्रपट करण्याला माध्यमांतर म्हणतात. माध्यम म्हणजे गोष्ट आपल्यापर्यंत ज्यातून पोचते ती वाट: एकीकडे शब्द, दुसरीकडे चित्र आणि आवाज.

आता थोडा हिशेब. वर्गात एक रात्र मोठ्याने वाचायला साधारण पंधरा मिनिटे लागत. पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. बेचाळीस गुणिले पंधरा म्हणजे सहाशे तीस मिनिटे, साडेदहा तास. अत्र्यांचा चित्रपट सुमारे अडीच तासांचा. सगळ्या रात्री सारख्या वाटून घ्यायच्या म्हटल्या तर एकेकीच्या वाट्याला साडेतीन मिनिटे येतात. साडेतीन मिनिटांत मोरी गाय आजारी पडून मरायची, की श्यामने घाबरत घाबरत विहिरीत उडी घ्यायची? चारातले तीन भाग गळणारच. तेव्हा काय गाळले हे विचारण्याऐवजी, जे उरले ते कोणत्या दोऱ्यात ओवले हे पाहिले तर जास्त हाती लागते.

हा दोरा पुस्तकात वेगळा काढून ठेवलेला नाही. 'श्यामची आई'तली जवळजवळ प्रत्येक रात्र स्वतंत्र गोष्ट आहे. मधलीच एखादी वाचली तरी पोट भरते. चार्ल्स डिकन्सची 'डेव्हिड कॉपरफिल्ड' मे १८४९ ते नोव्हेंबर १८५० या काळात महिन्याच्या महिन्याला हप्त्यांनी निघत होती. तिथेही दर हप्त्याला वाचकाला धरून ठेवणारे काही ना काही हवे होते. १९३५ साली जॉर्ज क्यूकरने हॉलिवूडमध्ये तिच्यावर चित्रपट केला तेव्हा दीड वर्षाचे हप्ते दोन तासांहून थोड्या जास्त वेळात बसवावे लागले. हप्त्यांची गोष्ट आणि रात्रींची गोष्ट, दोन्हींत पटकथाकाराचे पहिले काम दोरा शोधण्याचे.

'श्यामची आई'त तो दोरा मला शेवटच्या दहा-बारा रात्रींत सापडतो. तिथून पुस्तक उताराला लागते. कर्ज, सावकाराचा तगादा, घरातली तंगी, जप्ती, आईचे आजारपण, मृत्यू. आधीच्या तीस रात्रींत जे घर आपण पाहिले, ते या उतारावर एकेक पायरी खाली येते.

२. सांगणारा कुठे गेला?

पुस्तकात आपल्याला आई थेट दिसत नाही. आश्रमातली सायंप्रार्थना आटोपते, मित्र भोवती बसतात आणि मोठा झालेला श्याम बोलू लागतो. आई आपल्याला त्याच्या आवाजातून भेटते. या सांगणाऱ्याला निवेदक म्हणतात.

साने गुरुजींना हे सांगणे-ऐकणे फार चांगले ठाऊक होते. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते शब्द भरभर उतरून घेत. 'गीता प्रवचने' त्यातूनच उभी राहिली. पुढच्याच वर्षी, ९ फेब्रुवारी १९३३ रोजी, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी स्वतःची गोष्ट लिहायला घेतली आणि पाचव्या दिवशी, १३ तारखेला, लेखणी खाली ठेवली. काही रात्री पुढे बाहेर आल्यावर लिहिल्या. आदल्या वर्षी दुसऱ्याचे बोलणे उतरवणारा तोच हात आता आतले बोलणे उतरवत होता. म्हणूनच हे पुस्तक डोळ्यांनी वाचण्यापेक्षा मोठ्याने वाचले की जास्त भिडते. वर्गात मी ते रोज अनुभवत होतो.

चित्रपटाला हा निवेदक अडचणीचा असतो. पडद्यावर आई समोर उभी असते, मग मधे बोलणारा कशाला? आणि त्याला काढून टाकले तर त्याचा आताचा पश्चात्ताप कुठे ठेवायचा? लहान श्याम हट्ट करतो तेव्हा मोठा श्याम ते आठवून रडतो. एकाच क्षणात दोन वये. शब्दांना हे सहज जमते. कॅमेऱ्यासमोर मात्र एका वेळी एकच श्याम उभा राहू शकतो.

अत्र्यांनी याला गाण्यांतून वाट काढली, असे मला वाटते. वसंत देसाईंच्या संगीतात कवी यशवंतांची 'आई' ही कविता चित्रपटात आली, आणि आई नसलेल्या माणसाचे दुःख, म्हणजे मोठ्या श्यामचे दुःख, लहान श्यामच्या गोष्टीत शिरले. कृष्णाच्या बोटासाठी आपले भारी वस्त्र फाडणाऱ्या द्रौपदीचे गाणे अत्र्यांनी स्वतः लिहिले. शाळेतल्या छडीचे गाणेही त्यांचेच. ते पुस्तकात नाही, तरी आज कितीतरी लोकांना 'श्यामची आई' म्हटले की आधी तेच आठवते. माध्यमांतर कधी कधी मूळ पुस्तकाच्या आठवणीत असे स्वतःचे घर बांधते.

सत्तर वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, सुजय डहाके यांचा 'श्यामची आई' आला. तोही त्यांनी मुद्दाम कृष्णधवल ठेवला. त्यात ओम भूतकर यांच्या रूपात मोठे झालेले साने गुरुजीही पडद्यावर आहेत. हरवलेला निवेदक असा देहाने परत आला.

३. अळणी भाजी कशी दाखवायची?

आता एक प्रयोग. वर्गात आम्ही तो खडूने फळ्यावर केला होता.

अठरावी रात्र घ्या. घरात भाजी झाली आहे, पण कामाच्या गडबडीत आई मीठ घालायला विसरली. वडील जेवायला बसतात. भाजी अळणी आहे हे पहिल्याच घासाला कळते. ते काहीच बोलत नाहीत, उलट चांगली झाली म्हणून जेवतात. मागून आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला समजते. मग तिला वाईट वाटते ते मिठाचे नव्हे, इतरांना तसे जेवावे लागले याचे.

पुस्तकात हे सोपे आहे. भाजी अळणी होती, असे लिहिले की झाले. पण चित्रपटात? अळणी भाजी आणि खारट भाजी पडद्यावर सारखीच दिसते. चवीचे चित्र निघत नाही. पात्राच्या तोंडी 'मीठ नाही' हे वाक्य द्यावे तर गोष्टच मेली, कारण ते न बोलणे हीच तर गोष्ट.

इथे दोन शब्द समजून घेऊ. कॅमेरा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत जे टिपतो तो एक शॉट. कॅमेरा अगदी जवळ नेऊन चेहरा, हात किंवा वस्तू पडदाभर दाखवली तर तो क्लोज-अप. आता मुलांनी मांडलेली शॉटची यादी पाहा.

पहिला शॉट: चूल, कढई, आई. बाहेरून कुणीतरी हाक मारते, ती उठून जाते. दुसरा: क्लोज-अप, मिठाची वाटी, झाकण तसेच. तिसरा: वडिलांचे ताट, भाजीचा घास तोंडात जातो. चौथा: त्यांचा चेहरा. घास क्षणभर थांबतो, मग पुन्हा चावणे सुरू. पाचवा: आई विचारते, कशी झाली? ते मान डोलावतात आणि अजून वाढायला सांगतात. सहावा: आईचे ताट. तिचा घास. सातवा: तीच मिठाची वाटी.

बघा, यात कुणाच्याही तोंडी 'मीठ' हा शब्द एकदाही नाही. दुसऱ्या शॉटमध्ये वाटी नुसती वाटी होती. सातव्यात ती सगळे सांगते. चित्र तेच, पण मधे चार शॉटांचा वेळ गेला म्हणून अर्थ बदलला. दोन शॉट शेजारी ठेवले की तिसराच अर्थ तयार होतो, आणि या शेजारी ठेवण्याच्या कलेला संकलन म्हणतात. अमेरिकेत डी. डब्ल्यू. ग्रिफिथने १९०८च्या सुमाराला दोन ठिकाणी चाललेल्या गोष्टी आलटून पालटून दाखवायला सुरुवात केली, तेव्हा लोकांना कळणार नाही अशी शंका त्याला बोलून दाखवली गेली. त्याने डिकन्सचा दाखला दिला, अशी आठवण त्याच्या पत्नीने लिहून ठेवली आहे. पुढे १९४४ साली रशियन दिग्दर्शक आयझेनस्टाइनने डिकन्स आणि ग्रिफिथ यांच्या नात्यावर एक मोठा निबंध लिहिला. कादंबरीतून चित्रपट काढता येतो हे आपल्याला माहीत असते; चित्रपटाची भाषाच काही अंशी कादंबरीकडून आली, हे मला शिकवताना कळले.

शॉटच्या यादीवर वर्गात एक भांडण झाले. चौथ्या शॉटमध्ये वडिलांनी तोंड वेडेवाकडे करावे, असे एका मुलाचे म्हणणे. बाकीचे ओरडले, "मग आईला कळंल ना!" मला वाटते, अभिनय म्हणजे काय हे त्या मुलांना त्या क्षणी कळले.

४. कर्ज

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. चव दिसत नाही, पण ती निदान एका घासात असते. कर्जाला घासही नाही. ते वहीत असते आणि रात्री झोपेतही वाढते.

किती वाढते, ते एका छोट्या उदाहरणाने पाहू. गावाकडे 'दोन टक्के' म्हणतात तेव्हा ते महिन्याचे असतात. शंभर रुपयांवर महिन्याला दोन, वर्षाला चोवीस. पाच वर्षे काहीच फेडता आले नाही तर साध्या व्याजाने १०० चे २२० होतात. व्याज दरवर्षी मुद्दलात मिळवत गेले तर २९३. म्हणजे शंभर घेणारा माणूस पाच वर्षांत एक पैसाही नवीन न घेता जवळजवळ तीनशेचा देणेकरी होतो. या पाच वर्षांत त्याच्या घराच्या भिंतींवर, अंगणावर, कपाळावर काहीही लिहिले जात नाही. कॅमेरा रोज त्या घरासमोर उभा केला तरी १०० आणि २९३ यांतला फरक त्याला टिपता येणार नाही.

मग दाखवायचे काय? कर्जाने घरातल्या वस्तूंचे काय केले, ते.

साने गुरुजींना हे पक्के माहीत होते. ते तुरुंगात पुस्तक लिहीत होते, चित्रपट नव्हे, तरी त्यांचे दारिद्र्य सतत वस्तूंवर येऊन बसते. दिवाळीची रात्र आठवा. वडिलांचे धोतर फाटले आहे. आईला माहेरहून भाऊबीजेचे पैसे आले आहेत. तिचे स्वतःचे लुगडेही काही नवे नाही. त्या पैशांतून ती नवऱ्यासाठी धोतर आणवते. या गोष्टीत कर्जाची रक्कम आली नाही तरी बिघडत नाही. फाटलेले धोतर, हातातले पैसे आणि नवे धोतर, एवढ्या तीन वस्तूंत एका घराची सगळी आर्थिक स्थिती येते, आणि त्या घरातले प्रेमही येते.

जप्तीची रात्र याहून कठीण आहे. घर जप्त झाले की कागद येतो. कागद पडद्यावर दाखवला तर प्रेक्षकाला तो वाचावा लागतो, आणि वाचता वाचता भावना थंड होते. पण गुरुजींच्या त्या रात्रीत ढोल वाजतो. गावभर पुकारा होतो. कान असलेल्या प्रत्येकाला कळते. चित्रपटात आवाज चित्राच्या आधी येऊ शकतो, ही मोठी सोय आहे: आई चुलीपाशी बसलेली दिसते, लांबून ढोल ऐकू येतो, तिला अजून ओळख पटलेली नाही, आपल्याला पटली आहे. ढोल जवळ येतो. बस, एवढेच. ही दृश्याची मांडणी मी माझ्या मनाने सांगतो आहे, कारण पुस्तकातच ती दडलेली आहे असे मला मनापासून वाटते.

डिकन्सनेही असेच केले, आणि त्याच्याकडेही कारण होते. १८२४ साली त्याच्या वडिलांना कर्जापायी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात जावे लागले. एका पाववाल्याचे चाळीस पौंड दहा शिलिंग देणे होते. बारा वर्षांच्या चार्ल्सला बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात बरण्यांवर कागद चिकटवायला लावले गेले. पुढे 'डेव्हिड कॉपरफिल्ड' लिहिताना त्याने पॉलिशच्या जागी दारूच्या बाटल्या घेतल्या. डेव्हिड त्या धुतो. वडिलांच्या कर्जाचे रूप म्हणजे मुलाच्या हातातली बाटली. त्याच कादंबरीतला मिकॉबर उत्पन्न आणि खर्च यांतल्या लहानशा नाण्याएवढ्या फरकावर सुख-दुःख ठरवतो, आणि तरीही घेणेकऱ्यांपासून पळत राहतो.

आपल्याकडे १९५३ हे या दृष्टीने विलक्षण वर्ष होते. एकीकडे 'श्यामची आई', दुसरीकडे बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन'. त्यातला शंभू समजतो की आपले देणे पासष्ट रुपये आहे. जमीनदाराच्या वहीत ते दोनशे पस्तीस निघते. त्या आकड्यासाठी तो कलकत्त्यात हातरिक्षा ओढतो. बलराज साहनींचे धावणारे पाय, धापा, रस्ता. १०० आणि २९३ यांतला जो फरक कॅमेऱ्याला दिसत नव्हता, तो बिमल रॉय यांनी माणसाच्या श्वासात मोजला. पहिले राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४ साली दिले गेले तेव्हा राष्ट्रपतींचे सुवर्णपदक 'श्यामची आई'ला मिळाले आणि 'दो बिघा जमीन'ला गुणवत्तेचे प्रमाणपत्र. नव्या स्वतंत्र देशाने सन्मानासाठी निवडलेल्या या दोन्ही गोष्टी देण्याखाली दबलेल्या घरांच्या होत्या. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

पालमच्या मुलांना यातले काहीच परके नव्हते. इथे कर्जाचे एक नाव उचल. पावसाळ्यात मुकादमाकडून नवरा-बायकोच्या जोडीला आगाऊ रक्कम मिळते. या जोडीला 'कोयता' म्हणतात, जणू ती दोन माणसे मिळून एक अवजार आहेत. मग हंगामभर तोडलेल्या उसाच्या टनांमधून उचल फिटत जाते. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. पुस्तकात भाऊबंदांपासून वेगळे झाल्यावर श्यामचे घर एका झोपडीत राहायला जाते, ती 'पर्णकुटी'ची रात्र मी वाचली तेव्हा मला वाटले होते की कोकणातली झोपडी इथल्या मुलांना समजावून सांगावी लागेल. एक मुलगा म्हणाला, "म्हंजी कोपी." फडावर उसाच्या पाचटाची जी राहुटी घालतात ती कोपी. समजावण्याचे काम तिथेच संपले. 'आगर', 'ओटी', 'पडवी' हे शब्द मात्र सांगावे लागले, आणि 'आई'च्या जागी त्यांच्या तोंडात सारखे 'माय' येत होते. ते मी बदलू दिले नाही, म्हणजे 'माय'च राहू दिले.

५. गुरुजींनी स्वतः केलेले रूपांतर

चित्रपटवाल्यांनी पुस्तकात बदल केले की आपल्याला राग येतो. पण साने गुरुजींनीही एका इंग्रजी कादंबरीला मराठी देह दिला आहे. जॉर्ज एलियटची 'सायलस मार्नर' ही १८६१ सालची, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली कादंबरी. एकटा, दुखावलेला विणकर. त्याने साठवलेले सोने चोरीला जाते. आणि एका थंडीच्या रात्री त्याच्या घरात एक छोटी मुलगी दुडुदुडु चालत येते. गुरुजींनी ही गोष्ट 'मनूबाबा' नावाने मराठीत आणली. मुलीचे नाव ठेवले सोनी. सोने गेले आणि सोनी आली. इंग्रजीत त्या मुलीच्या नावात हा अर्थ नाही. मराठीत तो एका अक्षराच्या फरकाने मिळाला. मूळ गोष्टीशी प्रामाणिक राहून तिला आपल्या भाषेतले सोने कसे द्यायचे, याचे याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

६. ती आई, तो मुलगा, आणि तेव्हाचे पालम

अत्रे आणि साने गुरुजी एकाच पिढीचे. अत्रे १८९८ चे, सासवडचे. गुरुजी १८९९ चे, दापोलीजवळच्या पालगडचे. दोघेही शिक्षक. गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिकवत. अत्र्यांनी लंडनला जाऊन शिक्षणशास्त्राची पदविका घेतली होती आणि मुलांसाठी 'नवयुग वाचनमाला' तयार केली होती. मुलाला गोष्ट कशी सांगावी हे दोघांनाही वर्गात कळले होते. गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. त्यांनी हा चित्रपट पाहिला नाही.

आईची भूमिका वनमाला यांनी केली. सोहराब मोदींच्या 'सिकंदर'मध्ये त्या राजदरबारातल्या नायिका होत्या. इथे त्या साध्या लुगड्यात आल्या. श्याम झालेले माधव वझे पुढे नाट्यदिग्दर्शक आणि समीक्षक झाले. मुलांना हे सांगितल्यावर त्यांनी विचारले, तो श्याम म्हातारा झाला? हो, झाला, आणि लोक त्याला आयुष्यभर श्यामच म्हणत राहिले.

१९५३ साली पालम मुंबई राज्याचा भाग नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली, तरी मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मुंबई राज्यात आला. ज्या वर्षी कोकणातल्या आईची गोष्ट पडद्यावर आली, त्या वर्षी गोदावरीकाठच्या या गावांचे सरकार हैदराबादला होते आणि थोड्याच वर्षांपूर्वीपर्यंत इथले सरकारी शिक्षण उर्दूतून चालत असे. राज्याच्या सीमा नंतर जुळल्या. मराठी गोष्टी मात्र जत्रेतल्या तंबूंमधून, टूरिंग टॉकीजच्या पडद्यांवरून आधीपासूनच गावोगाव फिरत होत्या. आणि जवळच्या गंगाखेडच्या जनाबाईंनी तर देवालाच माय करून ठेवले होते. आईची गोष्ट ऐकायला ही माती नवखी नव्हती.

२०२३ च्या 'श्यामची आई'ला एकाहत्तराव्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला. पहिल्या वर्षीचे सुवर्णपदक आणि एकाहत्तरावा पुरस्कार, दोन्ही एकाच पुस्तकावर.

७. वहीतली पाच वाक्ये

वर्गातल्या प्रयोगाच्या शेवटी मी मुलांना गृहपाठ दिला. आपल्या घरातली, न दिसणारी एक गोष्ट शॉटमध्ये लिहून आणा. बोलणे वापरायचे नाही.

एकाने तापाचा लिहिला: कपाळावरची पट्टी, पाण्याचे भांडे, पुन्हा पट्टी. एकाने आनंदाचा लिहिला, त्यात पावसाचे पाणी पन्हाळीतून बादलीत पडत होते. दुसऱ्या दिवशी कर्जाबद्दल विचारणाऱ्या त्या मुलीने वही पुढे केली. पेन्सिलीने पाच ओळी, प्रत्येकीला आकडा.

एक. फळीवर चार ताटं.

दोन. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो उभा. मायबाप वर बसलेले, मधे भांड्यांचं गठुडं.

तीन. आजीचा हात फळीकडं जातो.

चार. आजी दोनच ताटं काढती.

पाच. बाकीची दोन ताटं जवळून. त्यांच्यावर धूळ दिसली पाहिजे.